मास्तरांनी रंगवलेली जाळी

मास्तरांचा आवाज मी आधी ऐकला, मास्तर नंतर पाहिले. नोकरीचा पहिला दिवस होता. सीताबर्डीतल्या त्या स्टुडिओचा लाकडी जिना मी चढत होते आणि वरून कोणीतरी ओरडत होतं, "कूलर कोणं लावला? ज्यानं लावला त्यानं आपल्या घरी जाऊन लावावा." मे महिना होता. नागपुरात मे महिन्यात कूलर बंद करायला सांगणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर मालक असतो. मास्तर मालक नव्हते.

वर गेले तर कोपऱ्यातल्या टेबलाशी बनियन घातलेला, गळ्यात ओला पंचा टाकलेला एक वाळका माणूस उभा. चष्मा कपाळावर. टेबलाखाली ट्रकच्या चाकाची फुगवलेली ट्यूब, पाळलेल्या जनावरासारखी पडलेली. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू नवी लेटरिंगवाली?"

"हो."

"गरमी सोसते का?"

"सोसते."

"मग बस."

आमच्या स्टुडिओत फोटो काढले जात, आणि त्याहून जास्त फोटो सुधारले जात. कारखानदार आपल्या यंत्रांचे फोटो कॅटलॉगसाठी आणत. त्यातली मागची कळकट भिंत पुसायची, पत्र्यावरचा गंज घालवायचा, पोलादाला चकाकी द्यायची. कोणाच्या वारलेल्या वडिलांना टोपी चढवायची, कोणाच्या आईचा चुरगळलेला पदर सारखा करायचा. हे सगळं मास्तर एअरब्रशनं करीत. फाउंटन पेनएवढं ते औजार. आत लांब सुई, पुढे सुईच्या अग्राएवढं भोक, वर रंगाची इवलीशी वाटी, खालून हवेची नळी. त्यातून रंग धुक्यासारखा उडतो आणि कागदावर बसतो. कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते डोळ्याला कळत नाही.

कूलरवरचा त्यांचा राग मला आठवड्याभरात समजला. कूलरच्या दमट हवेनं फोटोचा कागद फुगायचा. जिथे रंग उडू द्यायचा नसतो तिथे कापलेला कागद चिकटवून झाकतात, त्याला आम्ही मास्क म्हणायचो. तो मास्क सुटायचा आणि कडेनं रंग आत शिरायचा. पंखाही चालत नसे, कारण पंख्यानं फवारा उडून जाई. कूलर बंद ठेवला तर दुसरंच दुखणं. उन्हाळ्याच्या झळीनं सुईच्या टोकावरच रंग वाळून जाई. त्यासाठी मास्तर औषधाच्या दुकानातून ग्लिसरीन आणून रंगात थेंबभर टाकायचे, आणि तरी वाळला की सुईचं टोक सरळ ओठाला लावून ओलं करायचे. त्यांचा खालचा ओठ कायम राखाडी असायचा. एकदा त्यांच्या मागे कोणी गुपचूप कूलर लावला, तर त्यांनी कूलरमधलं सगळं पाणी बादल्यांनी उपसून खाली गटारात ओतलं आणि येऊन काही झालंच नाही अशा तऱ्हेनं कामाला बसले. त्या दिवशी त्यांच्याशी कोणी बोललं नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

ट्यूबचंही तसंच. मालकांनी हवेसाठी कॉम्प्रेसर आणला होता. मास्तर म्हणायचे, हा उचक्या देते. त्याच्या प्रत्येक उचकीला फवारा थरथरतो, आणि तो थरकाप फोटोवर उठतो. आम्हाला तो कधी दिसला नाही. त्यांना दिसायचा. म्हणून त्यांनी कॉम्प्रेसरची नळी आधी ट्रकच्या ट्यूबमध्ये घातली आणि ट्यूबमधून ब्रशला हवा घेतली. ट्यूब सगळ्या उचक्या गिळायची. वीज गेली तर ते ती ट्यूब खांद्यावर टाकून खालच्या सायकलच्या दुकानात जाऊन भरून आणायचे आणि त्या दुकानदाराशी भांडायचे. पावसाळ्यात तर रोज भांडायचे, की तुझ्या हवेत पाणी आहे. तो म्हणायचा, "मास्तर, हवा फुकट भरून देऊन राहिलो, आता वाळवून पण देऊ का?"

त्यांचं नाव आम्ही कोणी घेत नसू. स्टुडिओत येण्याआधी ते कुठल्याशा शाळेत चित्रकला शिकवत होते आणि इन्स्पेक्टरशी भांडून नोकरी सोडून आले होते, म्हणून मास्तर. सक्करदऱ्याला एका खोलीत राहत. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं, असं एकदा विचारलं तर म्हणाले, "कोण्या बाईचं मी काय बिघडवलं आहे?"

त्यांच्याकडे सल्ला विचारायला लोक येत. एका डॉक्टरांचा मुलगा आला होता. हौशी, हातात इम्पोर्टेड मासिक. कोणता एअरब्रश घेऊ, असं त्यानं विचारलं.

"काय रंगवणार?" मास्तरांनी मान वर न करता विचारलं.

"सगळंच. पोर्ट्रेट, बॅनर, घरातली भिंत."

"मग चुना घे अन् कुंचा घे."

मुलगा उठून जायला लागला तर त्यालाच दटावून बसवलं आणि सारी दुपार त्याच्यासमोर आपले ब्रश उघडून दाखवले. "हा वाटीवाला. रंग आपल्या वजनानं खाली येते. म्हणून हवा कमी लागते, अन् कमी हवेत बारीक काम होते. पण वाटीत मावते किती? चमचाभर. भिंत रंगवाले बसशील तं म्हातारा होशील. हा बाटलीवाला. याच्यात रंग खालून वर ओढा लागते, तं हवा जोरात पाहिजे. हवा जोरात असली का थेंब मोठा पडते. मोठं काम झटपट, पण नाकडोळे नाही होत." मग घोडा दाखवला. बोटाखालच्या खटक्याला ते घोडा म्हणत. "याच्यात दाबलं का हवा, मागं ओढलं का रंग. दोन्ही एकाच बोटात. जाड रेघ, बारीक रेघ, मधातच बंद, सारं चालता चालता. अन् त्या बाटलीवाल्याचा घोडा दाबला का हवा अन् रंग दोन्ही एकदम येते. किती यायचा ते पहिलेच स्क्रू फिरवून ठरवा. म्हणजे हातानं नाही, आधी डोक्यानं रंगवा लागते. तुझ्याजवळ काय आहे, हात का डोकं? ते पाह्य अन् मग घे. दुकानदाराले विचारू नको. त्याच्याजवळ जे पडून असते तेच चांगलं असते."

मुलानं शेवटी सगळ्यात महाग होता तोच घेतला आणि महिन्याभरात सुई वाकवून मास्तरांकडे घेऊन आला. मास्तरांनी त्याला शिव्या देत देत काचेवर लोळवून ती सुई सरळ करून दिली.

या बाटलीवाल्याबद्दल त्यांना मनापासून तिटकारा होता. पण कामठी रोडला एक पेंटर होता, ट्रकच्या मागे बदकं, तळी, डोंगर काढणारा. त्याच्याकडे तसलाच एक बाटलीवाला होता, पितळ उघडं पडलेला. त्या पेंटरनं काढलेला मोर कुणीतरी मास्तरांना दाखवला. मोराच्या गळ्यावर निळ्यातून हिरवा असा काही उतरला होता की मास्तर सायकल काढून थेट त्याच्याकडे भांडायला गेले. तू हे याच्यानं केलंच नाही, असं म्हणाले. त्यानं त्यांच्यासमोर दुसरा मोर काढला. मास्तर परत आले. दोन दिवसांनी मला म्हणाले, "रंग पाण्यासारखा पातळ करते तो. म्हणून." पेंटरची स्तुती त्यांच्या तोंडून एवढीच निघाली.

आता ते सांगते, ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं. लिहिताना अजूनही माझे कान तापतात.

शहराबाहेरच्या एका तेलगिरणीचा मॅनेजर एक दिवस फोटो घेऊन आला. मोठं यंत्र, बाजूला मोटर, आणि मोटरपासून यंत्रापर्यंत फिरणारा रुंद पट्टा. फोटो आमच्याच फोटोग्राफरनं आधी कधीतरी काढलेला. मॅनेजर म्हणाला, "कॅटलॉग छापायचा आहे. पट्ट्यावर जाळी दाखवायची. परदेशातले लोक जाळीशिवाय यंत्र घेत नाहीत." अशी कामं रोज येत. कोणालाच काही वावगं वाटलं नाही.

मास्तरांनी त्या कामात जीव ओतला. लोखंडी सामानाच्या दुकानातून तारेच्या जाळीचा तुकडा आणला. तो खिडकीत उन्हात टांगून तिची सावली फरशीवर कशी पडते, तिरपी झाली की भोकं कशी निमुळती होतात, ते पाहत बसले. मास्क मी कापले. जाळीची एकेक तार त्यांनी हातानं उडवली, घोडा मागे-पुढे करीत, श्वास रोखून. पट्ट्यावर तिची सावली टाकली. शेवटी जाळीच्या खालच्या कोपऱ्यात तेलाची चिकट धूळ बसलेली दाखवली, एका ठिकाणी तार किंचित दबलेली दाखवली. मी विचारलं, धूळ कशाला? कॅटलॉगमध्ये तर सगळं चकचकीत लागतं.

"नवी जाळी खोटी दिसते वं. वापरातली पाहिजे."

मॅनेजर तो फोटो पाहून फार खूश झाला. धुळीवर बोट ठेवून म्हणाला, "हे तर फारच उत्तम." मालकांनी मास्तरांसाठी पेढे मागवले. मग त्या चित्राचा पुन्हा फोटो काढला, म्हणजे रंगाचा थरही हाताला लागायचा नाही, आणि त्याच्या प्रती, मागे आमच्या स्टुडिओचा शिक्का मारून, गिरणीला गेल्या. जुनी निगेटिव्हही मॅनेजर घेऊन गेला.

पावसाळा सरत आला होता तेव्हाची गोष्ट. एक बाई जिना चढून वर आली. सोबत तिचा भाऊ. चाळिशीची असेल. उजव्या खांद्यावरून पदर घट्ट ओढून घेतलेला, आणि पदराखाली कोपरापासून पुढे काही नव्हतं. नाव गिरजाबाई. त्याच तेलगिरणीत काम करीत होती. त्या पट्ट्यात तिचा पदर गेला आणि पदरामागे हात गेला. आता कामगार खात्याच्या अधिकाऱ्यापुढे तिच्या भरपाईची चौकशी चालू होती. गिरणीचं म्हणणं, जाळी पहिल्यापासून होती. या बाईनं स्वतः ती काढून आत हात घातला. पुरावा म्हणून त्यांनी फोटो दिला होता, अपघाताच्या आधीचा म्हणून.

तिनं मालकांना विचारलं, "साहेब, तुमच्या माणसानं फोटो काढला तवा जाळी होती का जी?"

"फोटोत आहे म्हणजे होतीच," मालक म्हणाले.

ती म्हणाली, "मले तं आठवत नाही. पण सारेच म्हणून राहिले. फोटो पाह्यल्यापासून मलेच वाटून राहिलं का असन. मीच काढली असन. मले रात्रंदिवस तेच दिसते, मी जाळी काढून राहिली."

मास्तर उठले. भावाच्या हातातली प्रत घेतली. खिडकीशी नेली. त्यांना पाहायची गरज नव्हती, तरी पाहिली.

"हे माझी जाळी आहे," ते म्हणाले.

"मास्तर, बसा," मालक म्हणाले.

"हे जाळी मी काढली. हे धूळ मी बसवली. बाई, तिथं जाळी नव्हती. तुम्ही काही काढलं नाही."

गिरजाबाईला ते समजायलाच वेळ लागला. मग ती जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसली आणि तिच्या भावानं मास्तरांची गचांडी धरली. मास्तरांनी ती सोडवली नाही. आम्हीच सोडवली.

ती दोघं गेल्यावर मालकांनी दार लावून घेतलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आपण गिऱ्हाईक सांगेल ते करतो. त्याचं तो काय करतो ते आपण पाहत नाही. उद्या तुम्ही साक्ष दिलीत तर या गावातला एकही कारखानदार आपल्या दारात उभा राहणार नाही. हे ते शांतपणे बोलत होते, समजावल्यासारखं. मास्तर मात्र असे भडकले होते की शब्द एकमेकांत अडकत होते.

"तिले जाळी आठवत नव्हती. आपण तिच्या डोक्यात जाऊन तिची आठवण रंगवली. तुम्हाले समजून राहिलं का काही?"

"माझ्या स्टुडिओचं नाव घेऊन साक्ष द्यायची नाही."

"देईन."

"मग ब्रश इथंच ठेवा. तो स्टुडिओचा आहे."

तो वाटीवाला, दुहेरी घोड्याचा ब्रश मास्तरांनी इतकी वर्षं वापरला होता की घोड्यावर त्यांच्या बोटाचा खळगा पडला होता. त्यांनी तो वाटी धुऊन, सुई काढून, पुसून, सुई परत बसवून टेबलावर ठेवला. आणि ट्यूब उचलली. ट्यूब त्यांची होती. ती खांद्यावर टाकून ते जिना उतरले. मीही त्याच दिवशी राजीनामा दिला. मास्तरांना ते सांगायला गेले तर माझ्यावरच खेकसले, "तुले कोणं सांगतलं सोडाले? शहाणी."

मास्तरांनी साक्ष दिली. तिचा काही उपयोग झाला नाही. गिरणीच्या वकिलानं विचारलं, तुम्हाला स्टुडिओनं काढून टाकलं ना? म्हणजे राग आहे. मग फोटो पुढे करून म्हणाला, "यात रंगवलेलं कुठे दिसतं ते बोट ठेवून दाखवा." मास्तरांनी बोट ठेवलं. अधिकाऱ्यानं भिंग लावून पाहिलं. त्याला काहीच दिसलं नाही. दिसणारच नव्हतं. ते चांगलं काम होतं. अधिकारी म्हणाला, असं हुबेहूब रंगवता येतं हे मला पटत नाही. आणि त्यानं पुढची तारीख दिली.

बाहेर येऊन मास्तर कचेरीच्या आवारात उभे राहिले. समोर त्या अधिकाऱ्याच्या खोलीची खिडकी होती. मोठी, दोन दारांची, साधी. गज नाहीत, जाळी नाही. मास्तर तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग मला म्हणाले, "फोटोवाल्याले बोलाव."

आमचा एक ओळखीचा फोटोग्राफर होता, त्यानं आवारातून खिडकीचा फोटो काढून दिला. पण ब्रश कुठून आणायचा? चांगला ब्रश स्टुडिओत. विकत घ्यायचा तर मुंबईहून मागवावा लागे आणि तारीख जवळ. मास्तर काही न बोलता सायकलवर बसले आणि कामठी रोडला गेले. परत आले तेव्हा त्या ट्रकवाल्याचा तो पितळी बाटलीवाला त्यांच्या हातात होता, आणि मागच्या कॅरियरवर तो पेंटर स्वतः.

"मेरा औजार मैं अकेला नहीं छोड़ता," पेंटरनं मला सांगितलं.

सक्करदऱ्याच्या त्यांच्या खोलीत, भर दुपारी, दारं लावून आम्ही कामाला बसलो. मास्तरांनी पहिला फवारा वर्तमानपत्रावर मारला. मिरी सांडल्यासारखे ठिपके पडले. त्यांनी ब्रशला शिवी दिली, पेंटरला दिली, मालकांना दिली, गिरणीच्या शेटला दिली. खिडकीवर ते आधी जाळीच काढायला निघाले होते. तासभर धडपडून त्यांनी तो प्रयत्न टाकला.

"याच्यानं जाळी होत नाही," ते म्हणाले. "याच्यानं गज होते."

गजाची कड सरळ आणि ठाम असते. ती मास्कनं मिळते. ब्रशनं नुसता रंग भरायचा. मी उभ्या पट्ट्या कापल्या, एकेका गजासाठी. प्रश्न गजाच्या गोलाईचा आणि भिंतीवरच्या सावलीचा होता. तिथे मास्क चालत नाही. पेंटर आतापर्यंत भिंतीला टेकून गप्प बसला होता. तो म्हणाला, "मास्टर, हवा कम करो. रंग और पतला. और दूर से मारो, पास से नहीं. एक बार में मत भरो. सूखने दो, फिर मारो."

मास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता हाकलतात. पण त्यांनी ट्यूबची थोडी हवा सोडली, रंगात पाणी घातलं, स्क्रू फिरवला, हात लांब केला. फवारा जवळजवळ दिसेनासा झाला. कागदावर काहीच पडलं नाही असं वाटलं. वाळल्यावर पुन्हा. वाळल्यावर पुन्हा. हळूहळू भिंतीवर गजांची सावली उतरली, जशी संध्याकाळी उतरते. मास्तर अखंड बडबडत होते, पण हात स्थिर होता. एका गजाखाली त्यांनी गंजाचा ओघळ काढला. काढून झाल्यावर माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या चित्राचा पुन्हा फोटो काढला. तारखेला गिरजाबाई, तिचा भाऊ, मॅनेजर, वकील, सगळे होते. मास्तरांनी फोटो अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवला.

"हा कशाचा फोटो आहे साहेब?"

"या कचेरीचा. ही माझीच खिडकी."

"खिडकीले काय आहे?"

"गज आहेत." अधिकारी फोटोकडे पाहत म्हणाला, आणि मग थांबला. त्यानं मान वळवली. त्याच्या पाठीमागे खिडकी सताड उघडी होती. बाहेर कडुलिंब दिसत होता. तो खुर्चीतून उठला, खिडकीपाशी गेला, आणि जिथे गज असायला हवे होते तिथून त्यानं हात बाहेर घातला. परत येऊन भिंगातून फोटो पाहिला. वकील काहीतरी बोलायला लागला, त्याला हातानंच थांबवलं.

"गंज पाहा," मास्तर म्हणाले. "तोही मीच लावला. हे वाईट औजारानं केलेलं आहे. तुमच्या त्या फोटोतलं चांगल्या औजारानं केलं होतं."

अधिकाऱ्यानं गिरणीचा फोटो पुराव्यातून काढून टाकला. गिरजाबाईला भरपाई मिळाली. गिरणीनं यंत्राला जाळी बसवावी असा हुकूम निघाला. पेढे कोणी वाटले नाहीत.

मालकांनी जे भविष्य सांगितलं होतं ते मास्तरांच्या बाबतीत तंतोतंत खरं झालं. नागपुरातल्या एकाही स्टुडिओनं त्यांना उभं केलं नाही. सगळे त्यांच्या हाताची तारीफ करीत आणि दार लावून घेत. आणि आमच्या जुन्या मालकांचं काय झालं? काही नाही. उलट गजांच्या खिडकीची गोष्ट गावभर झाल्यावर त्यांनी जाळीचा तो फोटो काचेच्या शोकेसमध्ये नमुना म्हणून लावला, "आमच्याकडे केलेलं काम" म्हणून. मी रस्त्यानं जाताना तो पाहिला. वर जाऊन त्यांना जे बोलायचं ते बोलले. त्यांनी मला चहा विचारला.

मास्तर कामठी रोडला ट्रकवाल्या पेंटरच्या शेडमध्ये जाऊन बसले. तिथे ते ट्रकच्या मागे डोंगर आणि तळी काढत. दोघं दिवसभर भांडत. फोटो सुधारायचं काम मात्र त्यांनी शपथ घेतल्यासारखं सोडलं. कोणी वडिलांचा फोटो घेऊन आला तरी म्हणत, "जसे होते तसेच पाह्य." जुन्या बाजारातून त्यांनी एक मोडका वाटीवाला आणला होता, सुई स्वतः घासून बसवली होती, पण तो डब्यातच असायचा. मी तोवर पाट्यांची कामं स्वतंत्रपणे घेऊ लागले होते, त्यामुळे शेडमध्ये माझं जाणंयेणं असे.

काही वर्षांनी गिरजाबाई तिथे आली. मी होते. तिच्या मुलीचं लग्न झालं होतं. त्या वेळी काढलेला घरच्यांचा फोटो तिनं पिशवीतून काढला. सगळे उभे, मधे खुर्चीवर ती. उजवीकडे पदर सपाट पडलेला.

"मास्तर, इथं हात लावून द्या."

"मी ते काम सोडलं बाई."

"लोकांले दाखवाले नाही. घरात लावाचा आहे. मले पाहाचा आहे."

"खोटं काम मी करत नाही."

गिरजाबाईनं फोटो परत पिशवीत घातला नाही. म्हणाली, "त्या मशीनले जाळी लावून देली तुम्ही. मले हात नाही लावून देत?"

पेंटर हातातला ब्रश धरून तसाच उभा राहिला. मास्तरांनी ट्यूबला लाथ मारली, डबा उघडला आणि वाटीवाला काढला.

ती स्टुलावर बसून होती आणि ते रंगवत होते. बोलता बोलता ती म्हणाली, तिची नणंद आता त्याच मशीनवर जाते.

"जाळी लावली ना?" मास्तरांनी विचारलं.

"कोण लावते जी."

मास्तरांचा हात थांबला. ते गिरणीच्या शेटला, मॅनेजरला, हुकूम काढून झोपी गेलेल्या साहेबाला, आणि मग स्वतःला असे काही बोलले की पेंटरनं शेडचं दार ओढून घेतलं. गिरजाबाई सगळं ऐकत बसली. ते संपल्यावर म्हणाली, "नणंदेले सांगतलं मी. पदर खोचून जाते ते." मास्तर पुन्हा कामाला लागले.

हात झाला. मांडीवर ठेवलेला, लांबसडक बोटांचा, नाजूक मनगटाचा, हिरव्या बांगड्यांचा. मी इतका सुंदर हात त्यांच्याकडून कधी पाहिला नव्हता. गिरजाबाईनं फोटो डाव्या हातात धरला.

"हा कोणाचा आहे?"

"तुमचा."

"नाही जी. माझी बोटं अशी नव्हती." तिनं फोटो खाली ठेवला आणि डावा हात त्यांच्यापुढे उघडला. पेरं जाड झालेली, तर्जनी एका बाजूला वाकलेली, अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं. "हा त्याचा भाऊ. तो असाच होता."

मास्तरांनी ओला कापूस घेतला आणि तो सगळा हात पुसून टाकला. मग स्टूल टेबलाजवळ ओढलं.

"ठेवा इथं. हलवू नका," ते ओरडले, आणि चष्मा खाली ओढून त्या फुटक्या नखाकडे पाहू लागले.